राहत्या घरातला लेकीचा वाटा

बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण हे आज तालुक्याचे एक गाव आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी ते चालुक्यांचे कल्याणी होते, राजधानीचे शहर होते. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात (१०७६ ते ११२६) तिथे विज्ञानेश्वर नावाचा पंडित याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहीत होता. ‘मिताक्षरा’ या नावाने ती टीका पुढे बंगाल सोडून जवळजवळ साऱ्या भारतात वारशाचा आधारग्रंथ ठरली. वडिलांच्या घरात मुलीचा वाटा किती, हा आज तालुक्याच्या कचेरीत, सोसायटीच्या सभेत आणि दिवाणी न्यायालयात ऐकू येणारा प्रश्न. त्याचा माग काढायचा तर आपल्याला कल्याणीपासूनच निघावे लागते.

विज्ञानेश्वराने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. पहिली अशी की वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप मरेपर्यंत त्याने थांबायचे कारण नाही. मुलगा, नातू, पणतू हे सारे त्या घराचे जन्मापासून वाटेकरी. या वर्तुळात मुलगी नव्हती. दुसरी गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती. वाटणीच्या वेळी अविवाहित बहिणीला चौथा हिस्सा द्यावा, असे स्मृतिवचन होते. भारुचीसारखे जुने टीकाकार त्याचा अर्थ ‘लग्नापुरता खर्च’ एवढाच घेत. विज्ञानेश्वराने असहाय आणि मेधातिथी यांचा पक्ष घेऊन तो अर्थ नाकारला. ती मुलगा असती तर तिला जे मिळाले असते त्याचा चतुर्थांश हा तिचा खराखुरा हिस्सा आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. शिवाय स्त्रीधनाची व्याख्याही त्याने इतकी रुंद केली की वारशाने आलेले, विकत घेतलेले, वाटणीत मिळालेले असे सारे त्यात यावे. नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या मातीत हे लिहिले गेले, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. व्यवहारात टिकली ती पहिली गोष्ट. चौथ्या हिश्शाचे मात्र हळूहळू भारुचीने म्हटले होते तेच झाले. भावांनी बहिणीचे लग्न करून दिले की तिचे देणे फिटले, असा समज घरोघर रुजला.

पुढचा मुक्काम काशीचा असला तरी माणसे आपल्याकडचीच आहेत. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट झाले. सेंगर वंशाच्या भगवंतदेव या राजाच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात मिताक्षरेच्याही वर मानला गेला. मुलगा नसेल तर विधवा आणि तिच्यानंतर मुलगी, हा क्रम जुनाच होता. नीलकंठांनी त्यात बहिणीलाही जागा दिली. भावाच्या गोत्रातच तिचा जन्म झाला, म्हणून आजीच्या पाठोपाठ ती वारस ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतर प्रांतांत बहिणीला ही जागा मिळायला १९२९ साल उजाडावे लागले. पश्चिम भारतात ती कितीतरी आधीपासून होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि पैठणच्या या घराण्याचे ऋण मराठी वाचकासमोर नीट मांडले गेले.

पण ग्रंथ आणि गाव यांच्यात अंतर होते. वतनदारीच्या काळात घर, शेत, वृत्ती आणि मान ही सारी घराण्याची मालमत्ता. वाटणीपत्रे भावाभावांत होत, तंटा गोतसभेपुढे जाई, आणि निपुत्रिक घरात मुलीपेक्षा दत्तकाकडे ओढा असे, कारण वतन घराण्याबाहेर जाऊ नये ही चिंता सर्वांत मोठी. माहेरचे घर मुलीला बाळंतपणाला, सणाला आणि संकटात उघडे होते. विकायच्या, गहाण टाकायच्या, वाटायच्या वेळी मात्र तिला कोणी विचारीत नसे. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर त्यांना ही रूढी नोंदून हवी होती, कारण १८२७ च्या गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनने देशरिवाजाला धर्मग्रंथाच्या आधी मान दिला होता. त्याच वर्षी आर्थर स्टील यांनी दख्खनच्या जातीजातींच्या चालीरीतींचे संकलन सिद्ध केले आणि बोराडेल यांचे व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर सुरतेत छापून निघाले. न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीश प्रश्न पाठवी, शास्त्री उत्तर लिहून देई. ही पदे १८६४ साली रद्द झाली, पण रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८६७ ते १८६९ या काळात त्या उत्तरांचा संग्रह दोन खंडांत छापला. ज्याला एकोणिसाव्या शतकातले मराठी आणि गुजराती घर आतून पाहायचे आहे, त्याने तो संग्रह अवश्य चाळावा. विधवा सुना, लग्न झालेल्या लेकी, दत्तक गेलेले मुलगे आणि एकाच ओसरीवरून भांडणारे चुलतभाऊ त्यात पानोपानी भेटतात.

रूढीला अग्रमान देण्याची किंमत मुलींनी कशी मोजली, हे १८४७ साली मुंबईत दिसले. खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुराणाने ठरवलेला, म्हणजे मुलाच्या निम्मा, वाटा मागत मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाची पायरी चढली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला तो मुलींच्या विरुद्ध. हे समाज पिढ्यान्‌पिढ्या हिंदूंसारखा वारसा चालवीत आले आहेत, मुलींना वगळण्याची त्यांची रूढी सिद्ध झाली आहे, तेव्हा ग्रंथापेक्षा रूढी वरचढ, असे त्यांनी ठरवले. धर्मग्रंथ स्पष्टपणे मुलीच्या बाजूने असतानाही ती हरली. ही चूक बव्हंशी दुरुस्त व्हायला १९३७ चा शरियत कायदा यावा लागला, आणि त्यातूनही शेतजमीन वगळलीच गेली. मुंबईच्या पारशांनी १८६५ साली स्वतःसाठी वारसा कायदा करून घेतला. त्यात मुलाला चार हिस्से तर मुलीला एक. १९३९ साली बापाच्या मालमत्तेत तो निम्म्यावर आला आणि बरोबरीचा झाला थेट १९९१ साली. सुधारलेला, शिकलेला, मुलींना शाळेत घालण्यात सर्वांच्या पुढे असलेला हा समाज. त्यालाही त्या एका हिश्शापासून बरोबरीपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली.

पारशांच्या १८६५ च्या कायद्याच्याच सुमारास आपल्या वाटेवर मृत्युपत्र येते. धर्मशास्त्राला मृत्युपत्र माहीत नव्हते. जिथे मालमत्ता कुटुंबाची आणि मुलाचा हक्क जन्मसिद्ध, तिथे मरणाऱ्याच्या इच्छेला फारशी जागाच नव्हती. मुंबईसारख्या व्यापारी शहरांत मात्र स्वकष्टाने मिळवलेली संपत्ती वाढली, इंग्रजी वकिलांची पद्धत अंगवळणी पडली आणि हिंदू व्यापारी मृत्युपत्रे लिहू लागले. न्यायालयांनी ती मानली. १८७० च्या ‘हिंदू विल्स अॅक्ट’ने १ सप्टेंबरपासून मुंबई शहरात लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदारांची सही आवश्यक केली. पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात ही अट नव्हती. तिथे हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही चालत असे, आणि ही सवलत बंद झाली ती १ जानेवारी १९२७ पासून. मुंबईतल्या मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा दाखला, घेण्याची सक्ती मात्र याच कायद्याच्या परंपरेतून पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालत राहिली. संसदेने त्या सक्तीचे कलम काढून टाकले २०२५ च्या डिसेंबरात.

त्याच १८७० साली, दोनच महिने आधी, १ जुलैला, गोव्यात पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता लागू झाली, आणि तिची दिशा नेमकी उलटी होती. मुंबईच्या माणसाला आपले कष्टाचे घर हव्या त्याला लिहून देण्याची मुभा मिळत होती. गोव्याच्या माणसाच्या संपत्तीतला मोठा भाग वारसांसाठी राखीव ठरत होता. आज तो निम्मा आहे. मुलगा असो वा मुलगी, त्या राखीव भागातून आईबापांना सहजासहजी कोणाला काढता येत नाही, आणि नवराबायकोच्या समाईक मालकीमुळे घर विकताना दोघांच्या सह्या लागतात. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या फर्मानाने वाव दिला गेला, तरी मूळ चौकट ही राहिली आणि २०१६ पासून अमलात असलेल्या गोव्याच्या नव्या वारसा कायद्यातही ती उतरली. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यात काही कोसांचे अंतर आहे, बोली एकमेकींना कळतात, सोयरिकी होतात. पण पेडण्याच्या मुलीला बाप एका कागदाने बेदखल करू शकत नाही. सावंतवाडीच्या मुलीला, घर बापाच्या स्वकष्टाचे असेल तर, करू शकतो. आपल्या सुधारकांनी या शेजाऱ्याच्या कायद्याकडे फारसे पाहिले नाही, याची मला खंत वाटते.

१८८६ हे साल या कथेत थांबून पाहावे असे आहे. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने भागीरथीबाई विरुद्ध कान्होजीराव या दाव्यात सांगितले की मुंबई इलाख्यात मुलीला बापाकडून वारशाने आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते आणि तिच्यामागे तिच्याच वारसांना जाते. इतर प्रांतांत मुलगी अशी मालमत्ता हयातीपुरती सांभाळी आणि तिच्यामागे ती बापाच्या वारसांकडे परते. विज्ञानेश्वराच्या रुंद स्त्रीधनाची ही धुगधुगी मुंबईने जपली होती. पण त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळाने वतन कायद्यात दुरुस्ती केली: शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घराण्यातली प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीमार्फत हक्क सांगणारा प्रत्येक जण, वतनाच्या वारशात साऱ्या पुरुषांच्या मागे. न्यायालयाने उघडलेले दार कायदेमंडळाने वतनी घरांपुरते लावून घेतले. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांच्या लेकींना त्या निकालाचा उपयोग जिथे सर्वांत मोठा झाला असता, नेमका तिथेच तो झाला नाही.

विसाव्या शतकात आपण आलो की पावले भरभर पडू लागतात. मुंबईचे शल्यविशारद डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हिंदू स्त्रियांचा संपत्ती हक्काचा कायदा झाला. विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. मुलीला मात्र त्यात काही नव्हते. त्या कायद्यातल्या अडचणी सोडवण्यासाठी १९४१ साली बी. एन. राव यांची समिती नेमली गेली. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे ज. र. घारपुरे, ज्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ संपादून आणि भाषांतरून आयुष्य वेचले होते, ते तिचे एक सदस्य होते. समितीच्या मसुद्याने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देऊ केला. पुढे हिंदू संहितेचे हे विधेयक प्रवर समितीकडे गेले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंत्री होते, आणि तिथे तो पूर्ण झाला. जन्मसिद्ध हक्काची मिताक्षरेची कल्पनाच काढून टाकावी, प्रत्येकाने आपापला हिस्सा स्वतंत्रपणे धारण करावा, अशी त्या विधेयकाची रचना होती. विरोधाच्या गदारोळात ते अडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता अर्धवट सोडली गेली, हे त्यांनी दिलेल्या कारणांतले एक ठळक कारण होते. घरात मुलीला हिस्सा मिळावा यासाठी मंत्रिपद सोडणारा दुसरा कायदेमंत्री या देशाने पाहिलेला नाही.

त्या संहितेचा एक तुकडा हरि विनायक पाटसकर यांनी संसदेत पुढे नेला आणि १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा आला. मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली, स्त्रीची मालकी पूर्ण झाली, आणि बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी समान ठरले. पण वडिलोपार्जित घरात मिताक्षरेचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला गेला. हिशेब असा होई: आई आधी वारलेली, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. बापाच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे. निम्मे घर मुलाचे जन्माने, निम्मे बापाचे. बापाच्या निम्म्यातले अर्धे मुलाला, अर्धे मुलीला. म्हणजे मुलाला बारा आणे, मुलीला चार आणे. कल्याणीच्या पंडिताने अविवाहित बहिणीला जो चौथा हिस्सा देऊ केला त्याचे गणित वेगळे होते, तरी साडेआठशे वर्षांनी स्वतंत्र भारताच्या संसदेने मुलीच्या हाती पुन्हा चार आणेच ठेवावेत हे पाहून मन विषण्ण होते.

आणि ते चार आणेही घराच्या उंबऱ्यावर अडत. कायद्याचे कलम २३ असे होते की सारे राहते घर कुटुंबाच्याच वापरात असेल, तर पुरुष वारस आपसांत वाटणी करायचे ठरवीपर्यंत स्त्री वारसाला वाटणी मागता येणार नाही. तिला राहण्याचा हक्क होता, पण मुलगी अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त असेल तरच. लग्न करून नांदणाऱ्या मुलीला हिस्सा कागदावर, पण तो मागायचा नाही आणि तिथे राहायचेही नाही. भावांनी कधीच वाटणी केली नाही तर? तर कधीच नाही. हे कलम एकोणपन्नास वर्षे कायद्याच्या पुस्तकात होते.

महाराष्ट्रात या काळात चळवळीने काही पेरले. शेतकरी महिला आघाडीचे १९८६ चे चांदवडचे अधिवेशन आणि त्यानंतर शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर निघालेली ‘लक्ष्मीमुक्ती’ ही त्यातली मोठी घटना. कायद्याची सक्ती नसताना गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ती पत्नीसाठी होती, लेकीसाठी नव्हती. पण सातबाऱ्यावर बाईचे नाव लागू शकते हे गावाने डोळ्यांनी पाहिले. आंध्र प्रदेशाने १९८६ साली आणि तमिळनाडूने १९८९ साली मुलीला सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची वाटेकरी, केले होते. महाराष्ट्राने महिला धोरणाच्या वर्षी, २२ जून १९९४ पासून, तेच केले. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. एकाच घरातल्या दोन बहिणी, थोरलीचे लग्न १९९३ चे, धाकटीचे १९९५ चे. धाकटी जन्माने वाटेकरी, थोरली नाही. शेवटी ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्राची दुरुस्ती आली. मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, जन्मतःच मुलाइतकी सहदायाद झाली आणि कलम २३ रद्द झाले. बाप त्या दिवशी हयात असला पाहिजे का, यावर पंधरा वर्षे वाद चालला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हो’ म्हटले, २०१८ साली वेगळा सूर लावला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला. हक्क जन्माने येतो, म्हणून बाप तेव्हा हयात होता की नव्हता याला महत्त्व नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या कायम राहतील. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हे भावाचे म्हणणे मात्र सरकारी दस्तऐवजांच्या भक्कम पुराव्याशिवाय सहसा ऐकले जाणार नाही. विज्ञानेश्वराने मुलाभोवती आखलेल्या वर्तुळात मुलगी शिरली ती अशी.

मग आज वाट कुठे अडते? तीन कागदांपाशी, असे मला वाटते. पहिला कागद मृत्युपत्राचा. १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३० ने हिंदूला एकत्र कुटुंबातल्या आपल्या हिश्शाचेही मृत्युपत्र करण्याची मुभा दिली आणि गोव्यासारखा राखीव भाग ठेवला नाही. त्यामुळे जो बाप मुलीला द्यायचे म्हणतो त्याच्या हाती ते चांगले साधन आहे, आणि ज्याला वगळायचे आहे त्याच्याही. दुसरा कागद नामनिर्देशनाचा. सोसायटीत भावाचे नाव नामनिर्देशित म्हणून असले की सदनिका त्याचीच झाली, अशी समजूत सर्रास आढळते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली आलेले १५४ब-१३ हे कलम अशा व्यक्तीला तात्पुरते सदस्यत्वच देते. मालकी कायदेशीर वारसांकडे जाते. तिसरा कागद सर्वांत जास्त वापरात आहे: हक्कसोडपत्र. गावाकडे बापाच्या निधनानंतर वारस नोंद होते, बहिणींची नावे सातबाऱ्यावर, पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात, लागतात आणि दिवस-कार्य होते न होते तोच सहीचा विषय निघतो. माहेर तुटू नये म्हणून, भावाचे तोंड गोड राहावे म्हणून, बहिणी सह्या करतात. नऊशे वर्षांनी मिळालेला हिस्सा बहुतेक घरांत एका दुपारी, विनामोबदला, परत दिला जातो. कोणी समजून उमजून, प्रेमाने दिला तर तो तिचा अधिकार आहे. मात्र त्या सहीने नक्की काय जाते हे तिला कोणी आधी सांगत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून ज्या वाचक भगिनींवर हा प्रसंग येईल त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सातबाऱ्यावरून किंवा मालमत्ता पत्रकावरून नाव कमी झाले एवढ्याने मालकी जात नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त लेखी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. कोऱ्या कागदावरची सही मागितली तर देऊ नये. दस्त वाचायला घरी न्यावा, स्वतःच्या वकिलाला दाखवावा. आणि एकदा नोंदवलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर ते दिवाणी न्यायालयातच रद्द करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी मुदत आहे ती बाब कळल्यापासून तीन वर्षांची.